केळी इक्वेडोरची, वापसी आपली: छोट्या देशात देशी कंपनीमुळे नेमकं काय होतं?

निंभोऱ्याचा_नाना

मंडळी, भाची पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिनं सरावासाठी लिहिलेलं एक उत्तर मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. प्रश्न असा: छोट्या देशाच्या वाढत्या अर्थव्यवस्थेत देशी कंपन्यांची भूमिका काय? उत्तर नीटनेटकं होतं. रोजगार वाढतो, नफा देशात राहतो, सरकारला कर मिळतो, परकीय चलन वाचतं. दहापैकी सात मार्क कुठे जात नाहीत.

पण ते वाचलं तेव्हा मी इकडे जळगाव जिल्ह्यात माझ्या केळीच्या बागेत उभा होतो. कापणी चालू होती. व्यापाऱ्याचा माणूस माझ्या चांगल्या नवतीच्या घडावर विळ्याचं टोक टेकवून म्हणत होता, "नाना, हा वापसीत जाईल." का? तर म्हणे फण्यांत फरक आहे. (बाहेरच्या वाचकांसाठी: नवती म्हणजे पहिल्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे खोडाशेजारच्या पिलाचा, आणि वापसी म्हणजे छाटून काढलेला, पडत्या भावाचा. हे कोणी ठरवायचं? काट्यावर जो उभा असतो त्यानं.) आता तो व्यापारी काही परदेशी नाही. आपल्याच तालुक्यातला, लग्नाकार्यात पंगतीला शेजारी बसणारा. त्याचा नफा इथंच राहणार. फक्त माझ्याकडे नाही राहणार.

मग रात्री बसून केळीच्याच देशांचं वाचलं. दोन देश समोर ठेवतो.

पहिला होंडुरास. 'बनाना रिपब्लिक' (परक्या कंपनीच्या तालावर चालणारा देश) हा शब्द ज्या मुलखावरून निघाला तो. तिथं केळी म्हणजे अमेरिकन कंपन्या. १८९९ मध्ये उभी राहिलेली युनायटेड फ्रूट ही त्यातली सगळ्यात मोठी. जमीन कंपनीची, रेल्वे कंपनीची, धक्का कंपनीचा, जहाजंही कंपनीचीच. रूळ मळ्यापासून बंदरापर्यंत गेले आणि थांबले. राजधानी तेगुसिगाल्पापर्यंत रेल्वे कधी पोचलीच नाही, कारण राजधानीत केळी पिकत नव्हती. १९७४ मध्ये सरकारनं पेटीमागे ५० सेंट निर्यातकर लावला. तो २५ सेंटवर आला. मधल्या वेळात कंपनीनं साडेबारा लाख डॉलरची लाच दिली होती. ते १९७५ मध्ये अमेरिकेतच उघडकीला आलं, आणि होंडुरासच्या राष्ट्राध्यक्षाची खुर्ची गेली.

दुसरा इक्वेडोर. क्षेत्रफळानं महाराष्ट्रापेक्षा लहान, लोकसंख्या पावणेदोन-दोन कोटींच्या मधली. आज जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश. युनायटेड फ्रूट तिथंही गेली होती, १९३४ मध्ये टेंगेल नावाचा प्रचंड मळा घेतला होता. पण मध्य अमेरिकेतल्या बागा पनामा रोगानं (बुरशीच्या मर रोगानं) बसल्या आणि जगाला केळी कमी पडली, तेव्हा १९४८ ते ५२ या काळात गालो प्लासा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी लहान-मध्यम शेतकऱ्यांना कर्जं दिली, रस्ते काढले. पन्नाशीच्या दशकातच इक्वेडोर पहिल्या नंबरवर. १९६२ मध्ये टेंगेलच्या मजुरांनी मळ्यात घुसून ताबा घेतला, आणि पुढं कंपनीनं गाशा गुंडाळला. निर्यातीच्या धंद्यात ग्वायाकिल बंदरातले तिथलेच व्यापारी मोठे झाले. लुईस नोबोआ हे त्यांतलं सगळ्यात मोठं नाव. 'बोनिता' हा त्यांचा ब्रँड आजही जगभर विकला जातो.

माझं म्हणणं एवढंच. होंडुरासात शेतकरी नव्हताच, मजूर होता. इक्वेडोरात शेतकरी उरला, बहुतेक जण तीस हेक्टरच्या आतले. हा फरक देशी कंपनीनं केला, की जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहिली म्हणून पडला? मला हे दुसरं कारण वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

भरीत_पार्टी

पॉपकॉर्न घेऊन बसलो. चुकलं, केळीचे वेफर.

---

अमळनेरकर

नानाभाऊ, धागा झकास. वाखुसा (वाचनखूण साठवली).

तुमच्या प्रश्नाला आमच्या गावात एक जुनं उत्तर आहे. १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो. सूर्यफूल छाप तूप आणि त्याच्या जोडीला ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. पुढच्याच वर्षी शेअर बाजारात आली. १९६६ मध्ये वडील गेले, तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते, शिक्षण अर्धं टाकून आले. तिथून कंपनी संगणकात गेली, बंगळुरूला गेली, कुठल्या कुठे गेली.

गावात कारखाना अजून आहे. पण खरी गंमत कारखान्यात नाही, शेअरमध्ये आहे. आमच्याकडे शेतकऱ्यांनी, मास्तरांनी, किराणा दुकानदारांनी कधीकाळी शंभर-दोनशे शेअर घेऊन ठेवले. लग्नात अहेर म्हणून दिले. माझ्या आजोबांनी गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, कागद ठेवले होते. आजीला वाटायचं ती रेशनची जुनी कार्डं. बोनस येत गेले, एकाचे दोन, दोनाचे चार. त्या कागदांवर माझ्या दोन आत्यांची लग्नं आणि एका काकाचं मेडिकल झालं.

तर भाचीला सांगा, "नफा देशात राहतो" हे वाक्य अर्धंच आहे. कंपनीचा कारभार बंगळुरूला गेला तरी मालकीचा एक बारीक तुकडा अमळनेरच्या कपाटात राहिला. इक्वेडोरच्या शेतकऱ्याकडे 'बोनिता'चा शेअर आहे का?

अवांतर: आमच्या गावात त्याआधीही एक शेठ होते, प्रताप शेठ. मिल काढली, आणि त्याच पैशातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी शिकवायला होते ते प्रताप हायस्कूलही त्यांच्याच नावाचं. गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञानाची संस्था! परदेशी कंपनीनं असा वेडेपणा केला नसता.

---

निंभोऱ्याचा_नाना

@अमळनेरकर, नाही. बोनितामागचा तो धंदा एका घराण्याचा. तुमचा मुद्दा लागला. शेअरचा विचार मी केलाच नव्हता, आमच्या पट्ट्यात कपाटात केळीच्या पट्ट्याच (पावत्या) सापडतात.

---

तापीकाठ

नाना, इक्वेडोरचं चित्र जरा जास्तच गोड रंगवलंत. तीन गोष्टी.

एक. लुईस नोबोआंचा मुलगा आल्वारो पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, पाचही वेळा पडला. नातू डॅनियल २०२३ मध्ये पस्तिसाव्या वर्षी निवडून आला, २०२५ मध्ये पुन्हा आला. होंडुरासात कंपनीला सरकारातल्या माणसाला लाच द्यावी लागली. इथं केळीच्या घरातलाच माणूस खुर्चीवर. तो चांगला की वाईट हा वेगळा विषय, पण "देशी कंपनी मोठी झाली की लोकशाही बळकट होते" असं कोणी म्हणालं तर मी हात जोडीन.

दोन. २००२ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संस्थेनं इक्वेडोरच्या केळीबागांवर अहवाल काढला. आठ-दहा वर्षांची पोरं बागेत, वरून विमानानं फवारणी चालू असताना. मजुरांना संघटना करू देत नाहीत. बागा कोणाच्या? बहुतेक तिथल्याच लोकांच्या. मजुराला मालकाचा पासपोर्ट बघून काय करायचंय?

तीन, आणि हे माझ्या घरचं दुखणं. १९९९ मध्ये इक्वेडोरच्या बँका कोसळल्या. त्याही देशीच. ग्वायाकिलच्या मोठ्या घराण्यांच्या बँका, आणि त्यांतल्या काहींनी लोकांच्या ठेवी स्वतःच्याच गोतावळ्यातल्या कंपन्यांना कर्जाऊ दिलेल्या. मार्चमध्ये सरकारनं ठेवी गोठवल्या. पुढच्या वर्षी देशाचं चलनच गेलं, २५,००० सुक्रेला एक डॉलर या भावानं सगळे डॉलरवर आले. माणसं बँकेच्या दारात रडत उभी असलेले फोटो मी पाहिले, आणि मला आमची आई आठवली. आईनं निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. नाव घेत नाही. चेअरमन जातीचा, गावचा, वडिलांच्या तेराव्याला आलेला. "बँक परकी, पतसंस्था आपली," हे आईचं वाक्य. पासबुक अजून आहे. पैसे येताहेत, दर दोन वर्षांनी थोडे थोडे, अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा हिशोब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, मर्जीनं.

"आपली" या शब्दाचीच मला आता भीती वाटते.

---

खान्देशी_पोऱ्या

बरं शे हाऊ धागा. तापीकाठ आप्पांना तीन नंबर वाची सन डोयाले पानी उनं. आमना गावमा बी तेच व्हयेल शे.

---

निंभोऱ्याचा_नाना

तापीकाठ, मजुरांचं मान्य. बँकांचंही मान्य, आणि ते वाचून वाईट वाटलं. आमच्याही गल्लीत दोन घरं तशी आहेत.

पण एक गोष्ट इक्वेडोरच्या बाजूनं सांगतोच. तिथं सरकार दरवर्षी पेटीचा किमान भाव जाहीर करतं. ४३ पौंडांची पेटी, म्हणजे साडेएकोणीस किलो. २०२३ साठी साडेसहा डॉलर होता. निर्यातदारानं शेतकऱ्याशी लेखी करार करायचा. हे सगळं कागदावर, आणि कागद नेहमी पाळला जातो असं नाही. मंदीच्या दिवसांत "घ्यायचं तर घ्या" भाव चालतो, शेतकरी रस्ते अडवतात. तरी रस्ता अडवायला हातात एक आकडा असतो ना! आपल्याकडे सकाळी बोर्डावर भाव येतो, रावेरचा एक, बऱ्हाणपूरचा एक, आणि बागेत आलेला माणूस दोन्हीपेक्षा कमीच बोलतो. विचारलं तर म्हणतो, "तो भाव बोर्डाचा नाना, मालाचा भाव वेगळा." बोर्ड मग कशाला लावता, शुभेच्छा द्यायला?

---

धुळ्याची_लेक

मी कापडाच्या धंद्यात आहे, सध्या सुरतेत. केळीतलं मला कळत नाही, पण देशी कंपनीचा विषय निघाला आणि बांगलादेश कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. खान्देशचा कापूस कुठं जातो ते तरी आठवा!

नूरुल कादर नावाचे एक माजी सनदी अधिकारी. त्यांनी 'देश गारमेंट्स' काढली आणि कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. १९७९ मध्ये १३० माणसं बुसानला पाठवली, सहा महिने. शिवण, कटिंग, रेषा कशी लावायची (रेषा म्हणजे शिलाईची लाइन, एक बाई कॉलर, पुढची बाई कफ, असं), गुणवत्ता तपासणी, खरेदीदाराशी पत्रव्यवहार, सगळं शिकवलं. परत आले, कारखाना चालू झाला.

आणि मग काय झालं? त्या १३० पैकी ११५ जण काही वर्षांत देश गारमेंट्स सोडून गेले. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात मॅनेजर झालं. त्या एका कंपनीच्या दृष्टीनं सत्यानाश. त्या देशाच्या दृष्टीनं? आज बांगलादेशच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांवर वाटा कपड्यांचा. मालक बहुतांशी तिथलेच.

त्यात सरकारचीही एक हुशारी होती. नव्या कारखानदाराकडे कापड आयात करायला भांडवल नसतं. तर परदेशी खरेदीदाराकडून आलेलं पतपत्र (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) बँकेत तारण ठेवायचं आणि त्यावर कापड मागवायचं दुसरं पतपत्र काढायचं. कापड बिनजकातीचं गोदामात येतं, शर्ट होऊन बाहेर जातं, पैसे आले की बँक आधी स्वतःचे कापून घेते. म्हणजे खिशात फार काही नसलेल्या माणसालाही कारखाना काढता येतो. मी बारा वर्षं हे काम करते. सांगते, पैशाअभावी मेलेले धंदे मी जितके पाहिलेत तितके अकलेअभावी मेलेले नाही पाहिले.

म्हणून नानांचा प्रश्न मी जरा फिरवते. देशी कंपनी चांगली की वाईट यापेक्षा, तिच्याकडून शिकून माणूस बाहेर पडला तर त्याला स्वतःचं दुकान टाकता येतं का? होंडुरासातला मजूर युनायटेड फ्रूट सोडून स्वतःचं जहाज काढू शकत नव्हता.

(राना प्लाझाही आठवणीत आहे. २०१३, कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली. अकराशेवर माणसं गेली. ती इमारतही देशी मालकाचीच होती. तापीकाठकाका, हे तुमच्यासाठी.)

---

भरीत_पार्टी

ताई, बांगलादेश छोटा देश? सतरा कोटी माणसं आहेत.

---

धुळ्याची_लेक

क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्मं आहे हो भाऊ. पण बरं, तुमचंच खरं.

---

सातपुडा_एक्सप्रेस

छोटा म्हणजे किती छोटा यावर दोन ओळी. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ४२ लाख होती. म्हणजे आपण जिल्हा परिषदेवर भांडतो तेवढ्यात तीन देश बसतात.

मॉरिशसचं नाव काढायचं कारण, तिथं मराठी माणसं आहेत आणि ऊसही आहे. उसाचे मळे जुन्या फ्रेंच घराण्यांचे. म्हणायला देशी, पण मजुराला विचाराल तर तो हसेल. तरी एक झालं. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला, आणि १९७५ पासून युरोपनं साखरेला ठरलेला चढा भाव दिला. त्या साखरेच्या पैशाचा चांगला हिस्सा तिथल्याच कापड कारखान्यांत आणि हॉटेलांत गेला. पैसा पॅरिसला पळाला नाही, कारण गुंतवायला घराजवळ जागा होती.

आपल्याकडे केळीचा पैसा कुठं जातो? ट्रॅक्टर, लग्न, पुण्यातला फ्लॅट. माझाही तिथंच गेला, म्हणून बोलतोय.

---

ठिबकवाला

जळगावचा धागा आणि जैनांचं नाव अजून आलं नाही? मी येऊन देतो. आधीच सांगतो, माझं ठिबकचं दुकान आहे, त्यामुळे मला निःपक्ष समजू नका.

भवरलाल जैन जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. १९६३ मध्ये घरातल्या बायकांनी साठवलेल्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ मध्ये त्यांनी एक बंद पडत आलेला कारखाना तीस लाखांना घेतला. कशाचा होता माहीत आहे का? केळीच्या भुकटीचा! केळीच्या जिल्ह्यात केळीचा कारखाना आजारी. त्यांनी त्यात केळी ठेवलीच नाही, कच्च्या पपईच्या चिकापासून पेपेन हे पाचक द्रव्य काढायला घेतलं आणि ते निर्यात केलं. मग पीव्हीसी पाइप, मग ठिबक, मग केळीची उतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं.

या शेवटच्या गोष्टीनं आमच्या पट्ट्याचं गणित बदललं. आधी बसराई जातीचे कंद लावायचे. माझे वडील खड्ड्यात कंद बसवताना त्याचा डोळा वर आहे का ते अंगठ्यानं चाचपून बघायचे. कोणतं झाड कधी निसवेल (घड टाकेल) याचा नेम नाही, बाग अठरा महिने अडकायची. ग्रँड नाईन जातीची रोपं आली, त्यांना ठिबक मिळालं, आणि अकरा-बारा महिन्यांत एकसारखे घड पडायला लागले. माल एकसारखा आला म्हणून पेटीत भरता आला. पेटीत भरता आला म्हणून निर्यातीचं नाव तरी निघालं.

आता छोट्या देशाकडे येतो. ठिबक मुळात इस्रायलचं. १९६५ मध्ये हात्झेरीम नावाच्या किबुत्झमध्ये नेटाफिम सुरू झाली. किबुत्झ म्हणजे सामायिक मालकीची शेतवस्ती, आपल्या सोसायटीच्याही पुढचं प्रकरण. वाळवंटातल्या देशाची गरज म्हणून निघालेली कंपनी जगभर गेली. आज तिची मालकी कोणाकडे? २०१८ पासून ८० टक्के मेक्सिकोच्या कंपनीकडे. किबुत्झकडे २० टक्के उरले.

आणि उलटा प्रवास बघा. आपल्या जळगावच्या कंपनीनं इस्रायलच्याच नानदान या ठिबक कंपनीत २००७ मध्ये निम्मा वाटा घेतला, २०१२ मध्ये उरलेलाही घेतला. तेव्हा कंपनीच्या कारखान्याजवळच्या बांभोरी पुलावरून जाताना छाती फुगायची. पुढं कर्ज अंगावर आलं, आणि २०२३ मध्ये परदेशातला तो सगळा ठिबक-धंदा रिव्ह्युलिस नावाच्या इस्रायली कंपनीत विलीन झाला. तिच्यात मोठा पैसा कोणाचा? टेमासेकचा. म्हणजे सिंगापूर सरकारचा. छोट्या देशाची कंपनी आपण घेतली, आणि ती फिरून दुसऱ्या छोट्या देशाच्या सरकारी तिजोरीच्या सावलीत गेली.

आता यात देशी कोण नि परदेशी कोण, मला दुकानात बसून सांगता येत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "नळी किती वर्षं टिकेल?" तेवढं सांगतो.

---

तापीकाठ

ठिबकवाले, प्रतिसाद आवडला. केळीच्या भुकटीचं माहीत नव्हतं.

पण त्यातूनच माझा मुद्दा निघतो. छोटी जागा एका कंपनीवर उभी राहिली की त्या कंपनीला सर्दी झाली तर गावाला ताप येतो. इक्वेडोरचंच बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जुनी रशियन शस्त्रं अमेरिकेला द्यायचं ठरवलं. रशियानं लगेच तिथल्या काही निर्यातदारांच्या केळीत कीड सापडल्याचं सांगून माल अडवला. रशिया त्यांचं मोठं गिऱ्हाईक. थोड्याच दिवसांत इक्वेडोरनं शस्त्रांचा बेत सोडला आणि कीडही गेली. औषध न फवारता गेलेली कीड मी पहिल्यांदाच ऐकली. कंपनी देशी असून काय उपयोग, गिऱ्हाईक एकच असेल तर?

---

टेंभुर्णीकर

सोलापूरकडून राम राम. मंडळी, खान्देशचा धागा आहे म्हणून गप्प होतो. उत्पादनात तुम्ही थोरले भाऊ, ते कबूल. पण निर्यातीचा माल आज कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातून जास्त जातो, हेही बघा की. आमच्याकडं पॅकहाऊस बागेपासून हाकेच्या अंतरावर. घड जमिनीला टेकत नाही, फण्या पाण्यात पडतात, चीक निघतो, तासाभरात पेटीत. तुमच्याकडं अजून घड खांद्यावरून ट्रकमध्ये, खाली केळीची पानं अंथरलेली, वर आणखी घड. काळा डाग पडला की दिल्लीला, नाही पडला तरी दिल्लीला.

भारत जगात सर्वाधिक केळी पिकवतो, चौथा हिस्सा तरी नक्की. आणि निर्यात? पिकाच्या एक टक्क्याच्या आसपास. इक्वेडोरचा शेतकरी पेटीसाठी पिकवतो, आपण ट्रकसाठी पिकवतो.

आणि आमच्याकडं खरेदीला पाच-सहा कंपन्या येतात, काही देशी, काही परदेशी पैशावरच्या. शेतकरी एकाला दुसऱ्याचा भाव सांगून दोन रुपये वाढवून घेतो. नाना, तुमच्या वापसीवाल्याला सांगा, "राहू दे, दुसरा येतोय." ते म्हणता येतं का, एवढंच खरं.

---

निंभोऱ्याचा_नाना

टेंभुर्णीकर, लागलं, पण बरोबर ठिकाणी लागलं.

म्हणायला जातो तर म्हणता येत नाही. घड तयार झाला की चार दिवस. पाचव्या दिवशी झाडावरच पिवळा पडतो, मग वापसीचाही भाव नाही. आणि दुसरा येतो तो पहिल्याला फोन करूनच येतो. एकेकाळी आमच्याकडे फ्रूटसेल सोसायट्या होत्या. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या. सावदा, निंभोरा, रावेर स्टेशनांवरून वॅगनी भरून दिल्लीला. माझे वडील रात्री कंदील घेऊन वॅगनीशी उभे असायचे, कारण डबा लागायची वेळ रेल्वेलाही माहीत नसायची. भाव दिल्लीत काय फुटला ते पोस्टानं कळायचं. पण हिशोबाची वही शेतकऱ्याच्या पोरानं लिहिलेली असायची आणि चुकला तर त्याला पारावर जाब द्यावा लागायचा. मग ट्रक आले, बागेतच रोख मिळायला लागली, सोसायटीत राजकारण शिरलं, आणि आम्हीच पाठ फिरवली. व्यापाऱ्यानं सोसायटी मारली असं म्हणायला आवडलं असतं. तसं नाही. रोख हातात पडली की पोस्टाची वाट कोण बघतो?

म्हणून सुरुवातीला जे म्हणालो ते जरा दुरुस्त करतो. जमीन नावावर असणं पुरेसं नाही. माझ्या नावावर आहेच की चार एकर. काटाही थोडा आपला हवा.

भाचीला हे पाठवलं. ती म्हणाली, "मामा, दीडशे शब्दांत बसवायचंय."

---

धुळ्याची_लेक

:) तिला सांगा, १३० पैकी ११५ हा आकडा टाक. परीक्षकाला आकडे आवडतात.

---

खान्देशी_पोऱ्या

पैसा अठे ऱ्हायना का तठे गया, हाई पहिले देखा. बाकी देशी-परदेशी मांगून देखू.

---

दुबईतला_वाणी

उशिरा आलो. मी फैजपूरचा, दुबईत फळबाजारात एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशोब बघतो. धागा ड्युटीवर असताना वाचला आणि सरळ खाली शीतगृहात जाऊन पेट्या बघून आलो, म्हणून अंगात स्वेटर घालून लिहितोय.

इक्वेडोरच्या पेट्या वेगवेगळ्या ब्रँडच्या आहेत. पेटीच्या बाजूला छापील कोड, त्यावरून माल कुठल्या बागेतला ते त्यांच्या माणसाला फोनवर सांगता येतं. मागच्या महिन्यात एका खेपेत डाग निघाले, कोड कळवला, त्यांनी बाग शोधून काढली. फिलिपाइन्सचंही तसंच.

मग आपल्या भारतीय पेट्या. साडेतेरा किलोच्या. माल बघून सांगतो, गोलाई आणि सालीची जाडी, यातल्या निम्म्या आपल्याकडच्या, रावेर-यावलच्या. शपथेवर सांगत नाही, पण लहानपणी सुट्टीत घड मोजलेत, हात विसरत नाही.

---

निंभोऱ्याचा_नाना

भाऊ, पेटीवर नाव कोणाचं आहे? जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते कुठं छापलंय का?

---

दुबईतला_वाणी

परत जाऊन आलो. चार ब्रँडच्या पेट्या पालथ्या करून बघितल्या. मुंबईच्या निर्यातदाराचं नाव, इथल्या आयातदाराचं नाव, वजन, तापमान. खाली बारीक अक्षरात 'भारताचे उत्पादन'. जळगाव नाही, रावेर नाही. एका पेटीवर केळीच्या जागी चित्र अननसाचं आहे, बहुधा उरलेल्या खोक्यांत भरलेत.

फोटो रात्री टाकतो, शीतगृहात मोबाइल नेऊ देत नाहीत.